पुण्यातल्या पुण्यात : कात्रजचे पाणी आणि पेठांतले हौद

पुण्याच्या जुन्या पेठांतील चौकांची, बसथांब्यांची आणि गणेश मंडळांची नावे ओळीने वाचत गेल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते, ती अशी की या नावांत देवांच्या खालोखाल पाणी आहे. फडके हौद, साततोटी हौद, काळा हौद, बदामी हौद, पंचहौद, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठ हौद, खजिना विहीर. यांपैकी कोणतेही नाव रिक्षाचालकाला सांगितले तर तो अचूक त्या जागी नेऊन सोडतो, परंतु तेथे उतरल्यावर हौद दृष्टीस पडेलच याची खात्री नसते आणि पुष्कळदा दुकानांची रांग, एखाद्या मंडळाचा फलक व वाहनांची गर्दी एवढेच समोर येते. हौद म्हणजे घडीव दगडांनी बांधलेले आणि पाणी झिरपू नये म्हणून चुन्याचा गिलावा केलेले टाके; मूळ अरबी ‘हौज’ या शब्दाचे हे मराठी रूप आहे. घरोघरी नळ येण्यापूर्वी पेठेची सकाळ हौदावर सुरू होत असे, निरोप, वार्ता आणि भांडणे तेथेच होत असत, आणि म्हणूनच हौद बुजले तरी त्यांची नावे मात्र बुजू शकली नाहीत.

स्वतःच्या गावात हिंडणे हा छंद पुणेकरांना नवा नाही. ‘टेकडीला जाणे’ हा येथील भाषेतला स्वतंत्र वाक्प्रचारच आहे, आणि पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी यांपैकी एकीवर वर्षानुवर्षे पहाटे जाणारे हजारो नागरिक या शहरात आहेत. रविवारी सिंहगड चढून पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन परतणाऱ्यांची संख्या त्याहून निराळी. तथापि टेकडी आणि गड यांकडे वळणारी पावले पेठांच्या बोळांत क्वचितच शिरतात, आणि शिरली तरी काय पाहावे हे ठरलेले नसल्याने वाडा, देऊळ, पुतळा अशी सुटी सुटी स्थळे पाहून परततात. शहर पाहण्यासाठी हाती एखादे सूत्र लागते. कोणी जुन्या वाड्यांच्या दरवाजांचे सूत्र धरतो, कोणी झाडांचे, कोणी मारुतींच्या विचित्र नावांचे. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र पुण्यापुरते सर्वांत समृद्ध सूत्र पाण्याचे आहे, कारण ते एका टोकाला डोंगरापर्यंत आणि दुसऱ्या टोकाला माणसांच्या जातिभेदापर्यंत पोचवते, आणि त्याच्या मागे चालण्यास पायांखेरीज कोणत्याही साधनाची गरज पडत नाही.

पार्श्वभूमीपुरते सांगायचे तर, पुण्याच्या परिसराचा उल्लेख राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत येतो आणि पाताळेश्वराचे लेणेही त्याच सुमाराचे मानले जाते. कसबा ही सर्वांत जुनी वस्ती, शिवकाळात येथे लाल महाल उभा राहिला, १७३० साली पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया घातला, त्यानंतर पेठांमागून पेठा वसत गेल्या आणि १८१८ साली पेशवाई संपली. एवढे ठाऊक असले की पुढील विवेचनास पुरेसे आहे.

शनिवारवाडा बांधून झाला तेव्हा पुणे हे मुठेच्या काठावरचे मध्यम आकाराचे गाव होते आणि नदी, तिला मिळणारे आंबील ओढा व नागझरी हे प्रवाह, आणि वाड्यावाड्यांतील विहिरी एवढ्यावर त्याचे भागत होते. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत मात्र सरदार, कारभारी, सावकार, कारागीर आणि त्यांच्यामागून येणारा सारा परिवार पुण्यात स्थिरावू लागला आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीवर राजधानी चालणार नाही हे स्पष्ट झाले. यावर काढलेला उपाय आजही थक्क करणारा आहे. शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरांवर, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी, दोन बांध घालून एकाखाली एक असे दोन तलाव करण्यात आले आणि तेथून दगडी बांधणीचा, वरून झाकलेला, जमिनीखालून जाणारा नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणण्यात आला. हे काम १७५०च्या सुमाराचे. ‘नळ’ या शब्दाने आज लोखंडी किंवा प्लास्टिकची नळी डोळ्यांसमोर येते, पण त्या काळच्या कागदांतला नळ म्हणजे माणूस आत शिरून चालू शकेल असा बोगदाच होता.

या नळाला कोठेही पंप नव्हता, चाक नव्हते, बैलही नव्हता. कात्रजचा तलाव उंचावर आणि शनिवारवाडा सखल जागी, या एकाच भांडवलावर सारी योजना उभी होती. दिवाळीत पुण्याची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि किल्ल्याच्या पायथ्याशी कारंजे उडवण्यासाठी भिंतीवर पाण्याचा डबा ठेवून त्याला सलाईनची बारीक नळी जोडतात. डबा जितका उंच तितके कारंजे उंच, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. शनिवारवाड्यातले प्रसिद्ध हजारी कारंजे, म्हणजे कमळाच्या पाकळ्यांच्या आकारात कोरलेल्या दगडातून एका वेळी सुमारे दोनशे धारा उडवणारे ते नवल, याच तत्त्वावर चालत असे. फरक इतकाच की येथे डबा कात्रजच्या डोंगरात ठेवलेला होता.

तत्त्व सोपे असले तरी काम सोपे नव्हते. कात्रज ते शहर यांमधली जमीन एकसारखी उतरत नाही. मध्ये ओढे आहेत, उंचवटे आहेत, खडक आहे. नळाचा उतार फार ठेवला तर पाणी वेगाने वाहून बांधकाम झिजवते, फार कमी ठेवला तर गाळ जागीच बसतो, आणि म्हणून मैलोनमैल मंद, जवळजवळ सारखा उतार राखणे ही या कामातली खरी करामत होय. उंचवटा आला की नळ जमिनीत खोल जातो, जमीन सखल झाली की तो पृष्ठभागाजवळ येतो, परंतु नळाचा स्वतःचा उतार बदलत नाही. दुर्बिणी आणि मोजणीची आधुनिक यंत्रे हाती नसताना ही पातळी ज्यांनी साधली, त्या गवंड्यांची नावे चौकांना मिळालेली नाहीत. चौकांना नावे मिळाली आहेत ती सरदार फडके आणि नाना फडणवीस यांचीच.

दुसरा प्रश्न गाळाचा होता. तलावाचे पाणी पावसाळ्यात गढूळ असते, आणि ते तसेच नळात सोडले तर काही वर्षांतच नळ भरून जाईल; म्हणून वाटेत अशी खोलगट कुंडे ठेवण्यात आली की तेथे पाण्याचा वेग मंदावून माती तळाशी बसावी आणि वरचे निवळ पाणी पुढे जावे. तुरटी फिरवून हंड्यातले पाणी निवळू देणाऱ्या गृहिणीला ही युक्ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरा प्रश्न हवेचा, आणि त्याच्या उत्तरातच या भटकंतीचे सर्वांत मोठे सुख आहे. बंद नळातून पाणी वाहताना आत हवा कोंडते, कोंडलेली हवा प्रवाहाला अडवते, आणि एकाएकी जास्त पाणी आले तर आतून दाबही येतो. यासाठी नळावर ठरावीक अंतराने दगडविटांची उभी धुराडी बांधण्यात आली, त्यांना ‘उच्छ्वास’ असे म्हणतात. उच्छ्वास म्हणजे बाहेर टाकलेला श्वास. पाण्याच्या वाटेवरील हवा सोडण्याच्या जागेस हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याला नळ ही जिवंत वस्तू वाटत असली पाहिजे, आणि मराठीच्या बांधकामविषयक शब्दसंपत्तीत याहून सुंदर शब्द क्वचितच सापडेल. या धुराड्यांतूनच साफसफाईसाठी माणसे आत उतरत असत, आणि नळ कोठून गेला आहे याची खूण जमिनीवर ठेवण्याचे कामही तीच करीत.

पूर्वी माळरानावर एकटे उभे असलेले हे उच्छ्वास आता सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलेल्या वस्तीत दडले आहेत. कात्रज सोडल्यावर धनकवडी, बालाजीनगर, पद्मावती या भागांतून स्वारगेटच्या दिशेने येताना मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतून चालले, तर कोठे एखाद्या गृहसंस्थेच्या आवारात, कोठे दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात, त्यांपैकी एखादा अजूनही सापडतो. त्याचे चौकोनी, जाडजूड बांधकाम पाहून नवख्यास ती समाधी किंवा विसरलेले देऊळ वाटते, आणि त्याच्या पायाशी वाहने लावणाऱ्यांनाही ते काय आहे हे बहुधा सांगता येत नाही. एक उच्छ्वास सापडला की पुढचा कोठे असावा याचा अंदाज बांधायचा, त्या दिशेने चालायचे, चुकायचे, एखाद्या वृद्ध रहिवाशाला विचारायचे आणि अखेरीस तो सापडला की मागच्याशी त्याची सरळ रेषा जुळते का हे पाहायचे. नकाशावर अशा चार-सहा खुणा झाल्या की आजच्या शहराखाली पहुडलेली अडीचशे वर्षांपूर्वीची रेषा कागदावर उमटू लागते. गडावर चढण्याचा आनंद मोठा आहे हे मान्य करूनही, या शोधाचा आनंद त्याहून कमी नाही असे येथे निश्चितपणे नमूद करावेसे वाटते.

ही रेषा कल्पनेतली नाही याचा पुरावा मार्च २०१९मध्ये शहराला मिळाला. स्वारगेट येथे मेट्रोच्या स्थानकासाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली दगडी बांधणीचा बोगदा उघडा पडला, आणि तो कात्रजच्या नळाचाच भाग असल्याचे इतिहास-अभ्यासकांनी सांगितले. काही दिवस वर्तमानपत्रांत ‘पेशवेकालीन भुयार’ अशा मथळ्यांनी बातम्या आल्या. भुयार म्हटले की गुप्त मार्ग, खजिना आणि पळून जाणारी राणी यांच्या कथा आपोआप जुळतात. नळ म्हटले की कोणी थांबत नाही. वास्तविक शत्रूपासून पळण्याची वाट एखाद्या प्रसंगी लागते, पाण्याची वाट रोज लागते, आणि राज्यकर्त्याची योग्यता दुसऱ्या वाटेवरून अधिक कळते.

नळाची वाट पायी पाहण्याआधी एकदा पर्वतीवर जावे. १०३ पायऱ्यांच्या या टेकडीवरील देवदेवेश्वराचे देऊळ हीसुद्धा नानासाहेबांचीच निर्मिती. पानिपतानंतर खचलेल्या पेशव्याचा अंत १७६१ साली येथेच झाला. देवळाच्या तटावरून दक्षिणेकडे पाहिल्यास कात्रजच्या डोंगराची कड दिसते आणि उत्तरेस पेठांची दाटी. या दोहोंमधला उतार एकदा डोळ्यांनी मोजला की नळाचे सारे गणित समोर मांडल्यासारखे होते. पायथ्याशी दिसणारी सारसबाग हेदेखील मुळात तळेच होते, आंबील ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेबांनी केलेले, आणि मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, सिद्धिविनायकाची स्थापना झाली. तळे आटवून विसाव्या शतकात बाग झाली तरी हा गणपती ‘तळ्यातला गणपती’ याच नावाने ओळखला जातो. आंबील ओढ्याचा मूळ प्रवाह शहराच्या अधिक जवळून वाहत असे आणि पेशवेकाळात तो पश्चिमेकडे वळवण्यात आला, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री याच ओढ्याला आलेल्या पुराने काठच्या वस्त्यांत अनेकांचे प्राण घेतले. ओढ्यांचे पात्र अरुंद करणे, त्यावर भिंती आणि इमारती चढवणे आणि मग पावसाला दोष देणे, ही या शहराची अलीकडची सवय अत्यंत घातक आहे.

नळ शहरात शिरला की त्याचे रूप बदलते. मुख्य नळातून भाजक्या मातीच्या, म्हणजे खापरी, नळ्यांनी पाणी पेठांतील सार्वजनिक हौदांकडे आणि काही सरदारांच्या वाड्यांतील खासगी हौदांकडे जात असे. तुळशीबागेतील राममंदिराच्या आवारात, चौकाचौकांत आणि वाड्यांसमोर असे हौद होते. कसबा पेठेतील साततोटी हौदाच्या नावातच त्याची रचना सांगितली आहे. तोटी म्हणजे पाणी पडण्याचे तोंड, आणि सात तोंडे असलेला तो साततोटी. फडके हौद हे नाव पेशवाईतील सरदार हरिपंत फडके यांच्याशी निगडित आहे. कात्रजचे पाणी पुरेनासे झाल्यावर इतरांनीही नळ आणले. १७९०च्या सुमारास नाना फडणवीसांनी आंबेगाव-नऱ्हे भागातून आणलेले पाणी सदाशिव पेठेच्या हौदात येऊ लागले, तर सरदार आनंदराव रास्ते यांनी कोंढव्याकडून स्वतंत्र नळ काढून आपण वसवलेल्या पेठेस, म्हणजे आजच्या रास्ता पेठेस, पाणी दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दक्षिणेकडून एकाहून अधिक दगडी वाटांनी पाणी वाहत येत होते ही गोष्ट शालेय इतिहासात लढायांइतकीच ठळकपणे शिकवली जावयास हवी.

हौदावरून घरापर्यंत पाणी नेणाऱ्यांचे शब्दही आता लोपत चालले आहेत. ‘पाणक्या’ म्हणजे घरोघर घागरींनी पाणी भरणारा माणूस, आणि सोवळे पाळणाऱ्या घरांत तो ब्राह्मण असावा लागे. ‘पखाल’ म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, ‘भिस्ती’ म्हणजे ती पाठीवर घेऊन पाणी वाहणारा. ‘कावड’ म्हणजे खांद्यावरच्या दांडीला दोन बाजूंस अडकवलेल्या घागरी. चामड्याच्या पखालीतले पाणी सोवळ्यास चालत नसे. या एका नियमातून पाण्याचा खरा प्रश्न पुढे येतो, आणि तो उताराचा किंवा गाळाचा नाही. पेशव्यांच्या गवंड्यांनी पाणी डोंगरापासून दारापर्यंत आणले, पण दारापासून ओंजळीपर्यंतचे अंतर जातीने अडवून धरले होते. सार्वजनिक म्हणवणाऱ्या हौदांना अस्पृश्य मानलेल्या माणसांनी हात लावावयाचा नव्हता; जे पाणी त्यांच्या पायांखालून वाहत गेले ते त्यांच्या घागरीत पडू शकत नव्हते.

म्हणून या भटकंतीत गंज पेठेतील महात्मा फुले वाडा हे शनिवारवाड्यापेक्षा मोठे स्थळ मानले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हा हौद कात्रजच्या योजनेपुढे अगदी लहान, एका घरापुरता. परंतु पुण्यातील पाण्याच्या इतिहासात त्याच्या तोडीचे दुसरे बांधकाम नाही. येथे आणखी एक गोष्ट जुळते. फुले हे केवळ पाण्याच्या न्यायाचे पुरस्कर्ते नव्हते, तर बांधकामाचे जाणकारही होते. त्यांचा सहभाग असलेल्या ‘पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’चे नाव कात्रजच्या घाटातील बोगद्याच्या आणि येरवड्याच्या पुलाच्या कामाशी जोडले जाते, आणि १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी तळी, बंधारे आणि माती अडवण्याचे उपाय तपशिलाने मांडले आहेत. वाड्याच्या अंगणात उभे राहून पाण्याकडे पाहणाऱ्याने हा दुसरा फुलेही ध्यानात घ्यावा.

तेथून थोड्याच अंतरावर बाहुलीचा हौद आहे. डॉक्टर विश्राम रामजी घोले, ज्यांच्या नावाने आजचा घोले रस्ता ओळखला जातो, हे फुल्यांचे सहकारी आणि नामांकित शल्यचिकित्सक होते. मुलीला शिकवण्याचा त्यांचा आग्रह आप्तांना रुचला नाही आणि त्यांतूनच लहानग्या काशीबाईचा घात झाला, अशी कथा पुण्यात सांगितली जाते. तिच्या स्मरणार्थ १८८०च्या सुमारास त्यांनी हा हौद बांधला आणि तो सर्व जातींना मोकळा ठेवला. त्यावर बसवलेल्या मुलीच्या मूर्तीमुळे त्याला बाहुलीचा हौद हे नाव पडले. कथेतील घातपाताचा भाग इतिहास म्हणून सिद्ध करणे कठीण असले, तरी शोक करणाऱ्या पित्याने समाधी किंवा छत्री न बांधता तहानलेल्यांसाठी हौद बांधला एवढे पुरेसे आहे.

आणि मग पंचहौद. पूर्वी वेताळ पेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या गुरुवार पेठेत पाच हौदांच्या जागेजवळ ख्रिस्ती मिशन आले, १८८५ साली तेथे पवित्र नाम देवालय उभे राहिले, आणि चर्चपासून सुटा उभा असलेला त्याचा उंच घंटामनोरा पेठांतील कौलारू छपरांवरून दुरूनही ओळखू येऊ लागला. १८९० साली याच मिशनमधील एका कार्यक्रमास गेलेल्या पाहुण्यांना चहा देण्यात आला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली आणि पुण्यात ‘ग्रामण्य’ माजले. ग्रामण्य म्हणजे धर्माचार मोडल्याबद्दल जातीने चालवलेला वाद व घातलेला बहिष्कार. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ताच्या चर्चा वर्षानुवर्षे चालल्या. ज्या शहरात आज कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य आहे, पितळी पातेल्यात वेलदोडा-आल्याचा चहा उकळत असतो आणि शेजारी कोण उभे आहे हे कोणी विचारीत नाही, त्याच शहरात एका पेल्याने केवढी उलथापालथ केली होती, हे पंचहौदाच्या चौकात उभे राहून आठवण्यासारखे आहे. जागेचे नाव हौदांचे आणि वाद चहाचा, पण मुळातला प्रश्न एकच: कोणाच्या हातचे पाणी प्यावे.

हौदांचा अस्त नव्या पाण्याने केला. १८५० साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याजवळ नदीवर बंधारा झाला, १८७९च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले, कालव्याचे पाणी शहराला मिळू लागले आणि हळूहळू वाड्यावाड्यांत तोट्या आल्या. १८८५च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये हे जुने नळ आणि त्यांच्यावरील हौद चालू व्यवस्थेचा भाग म्हणून नोंदवलेले दिसतात, परंतु पुढील दोन पिढ्यांत ते निरुपयोगी, नंतर अस्वच्छ आणि अखेरीस अडगळ ठरले. त्यांना एकदाच पुन्हा मान मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले, मुठेकाठचे अर्धे जुने पुणे पाण्याखाली गेले आणि विलक्षण दैवयोगाने पुरात बुडालेल्या शहरात प्यायला पाणी उरले नाही. तेव्हा जुन्या विहिरी आणि हौद उपसून वापरात आणावे लागले. संकट सरताच ते पुन्हा विसरले गेले. आज पुण्यात ‘हौद’ हा शब्द तरुणांच्या कानी पडतो तो बहुधा गणेशविसर्जनासाठी महापालिका ठेवते त्या टाक्यांमुळे.

या विषयाचा छंद जडलेल्यास वाचनाचीही उणीव पडत नाही. नारायण विष्णू जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ सालचे, म्हणजे फुल्यांनी हौद खुला केला त्याच वर्षीचे, म. श्री. दीक्षित यांचे ‘असे होते पुणे’ आणि प्र. के. घाणेकर यांचे ‘मुठेकाठचे पुणे’ ही पुस्तके पिशवीत टाकून हिंडण्यासारखी आहेत. १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे. छंद कोठवर नेता येतो याचे उदाहरण हवे असेल तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, भांडी, दौती, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तू जमवण्यास आरंभ केला आणि एका माणसाच्या हौसेतून २० हजारांहून अधिक वस्तूंचा ठेवा उभा राहिला. हौद काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, एवढीच अडचण.

ज्यांना प्रत्यक्ष पाणीच पाहावयाचे आहे त्यांनी सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे देऊळ चुकवू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भीमगिरजी गोसावी यांनी बांधलेल्या या दगडी देवळाच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने गेंडा बांधणाऱ्या गोऱ्या शिपायांचे शिल्प आहे, आत संस्कृत आणि फारसी लेख आहेत, आणि गाभाऱ्याखाली तळघर आहे. या तळघरात पाणी असते. ते गुरुपौर्णिमेस दर्शनासाठी खुले करण्यात येते. नागझरीच्या काठी, जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात दिसणारे ते पाणी पाहिले की पेठांच्या फरसबंदीखाली अजून काय काय असेल, या कल्पनेने मन अस्वस्थ होते.

हे काय काय असेल याचा निकाल मात्र रोज लागतो आहे. जुने वाडे पाडून तेथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि पाया खणताना लागलेला हौद, विहीर किंवा नळाचा तुकडा एका रात्रीत राडारोड्याने भरून टाकणे हे कंत्राटदारास सर्वांत सोयीचे असते. प्रत्येक हौद जतन करता येणार नाही हे उघड आहे. परंतु त्याची नोंद करण्यास एक सकाळ पुरते. पेठांत ज्यांचा वाडा आहे, किंवा ज्यांच्या गृहसंस्थेच्या आवारात एखादे अनोळखी दगडी धुराडे उभे आहे, त्यांना विनंती एवढीच की यंदाच्या दिवाळीच्या सुटीत त्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजावी, चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत, घरातील वृद्धांकडून त्याच्याविषयी जे ऐकले असेल ते तारीख घालून लिहून काढावे आणि त्याची एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळाकडे पोचती करावी.